अंडरओथचा 'इरेज मी': साडेसात वर्षांनी आलेला अल्बम आणि बदललेला आवाज

खर्जातला | ७ एप्रिल २०१८

काल 'इरेज मी' आला. २०१० च्या 'डिसअँबिग्युएशन'नंतर अंडरओथचा हा पहिला अल्बम, म्हणजे मध्ये साडेसात वर्षं गेली. ॲरन गिलेस्पी ड्रम्सवर असलेला तर २००८ नंतरचा पहिलाच. २०१३ च्या जानेवारीत निरोपाचा दौरा करून हा बँड थांबला, तेव्हा यांचं नवं काही ऐकायला मिळेल ही आशा मी सोडली होती. २०१५ मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली. २०१६ च्या दौऱ्यात 'दे आर ओन्ली चेसिंग सेफ्टी' आणि 'डिफाइन द ग्रेट लाइन' हे दोन्ही अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवले. तेव्हा वाटलं, आता हे जुन्या गाण्यांवरच दौरे काढणार. तसं झालं नाही याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणूनच हा धागा.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपाचा मेटलकोअर (हार्डकोअर पंक आणि मेटलचं मिश्रण) वाजवणारा, ख्रिस्ती बँड म्हणून ओळखला गेलेला बँड. पहिला अल्बम १९९९ चा. सुरुवातीचा गायक डॅलस टेलर होता. २००३ मध्ये तो गेला आणि स्पेन्सर चेंबरलेन आला. २००४ चा 'चेसिंग सेफ्टी' आधीच्या अल्बमांशी नातंच नसल्यासारखा निघाला: गुणगुणता येतील असे कोरस, स्पेन्सरचं किंचाळणं आणि ड्रम्सवर बसून ॲरनचं गाणं. लोकांनी तो डोक्यावर घेतला. दोन वर्षांनी त्याच्या अगदी उलट दिशेला जाऊन त्यांनी 'डिफाइन द ग्रेट लाइन' केला. अवघड, काळोखा, सोपे कोरस जवळजवळ नाहीतच, आणि तरीही अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर. या संगीताला असं यश मिळू शकतं हे तेव्हा कुणाला सांगूनही पटलं नसतं.

तेव्हा 'बँड बदलला' ही तक्रार माझ्यापुरती बाद आहे. हा बँड दर वेळी बदललाच आहे. मला बोलायचंय ते या वेळच्या बदलाबद्दल. अकरा गाणी आहेत. 'ऑन माय टीथ' आणि 'होल्ड युअर ब्रेथ' ऐकताना जुनी आग अजून शिल्लक आहे हे कळतं. 'नो फ्रेम' तर मला फार आवडलं. पण 'रॅप्चर', 'वेक मी', 'ब्लडलस्ट' ही गाणी रेडिओसाठी कातून गुळगुळीत केल्यासारखी वाटतात. चाली वाईट नाहीत, पण कानाला कुठे ओरखडाच उठत नाही.

तुम्ही ऐकलात का? कसा वाटला?

उंबरठा | ७ एप्रिल २०१८

ऐकला. निराश झालो. निर्माता मॅट स्क्वायर आहे हे वाचलं तेव्हाच अंदाज आला होता. त्यांनी पॅनिक ॲट द डिस्कोचा पहिला अल्बम केला, ऑल टाइम लो केलं. त्या जातीचं काम ते उत्तम करतात. पण 'ग्रेट लाइन'च्या वेळी निर्माता मॅट गोल्डमनबरोबर किलस्विच एंगेज या मेटलकोअर बँडचा ॲडम डुटकेविच बसला होता. गिटारचा आवाज काय होता तो! भिंत अंगावर कोसळतेय असं वाटायचं. इथे गिटार मागे कुठेतरी आहे, पुढे सिंथ (सिंथेसायझर) आणि गळा. टिम मॅकटॅगसारखा गिटारवाला असताना हे का करायचं?

शिवाय हा आवाज नवीन तरी कुठे आहे? ब्रिंग मी द होरायझन या बँडने २०१५ मध्ये 'दॅट्स द स्पिरिट' केला, तेव्हापासून निम्मा मेटलकोअर याच वाटेने चाललाय. ज्यांनी इतरांना वाट दाखवली ते आज दुसऱ्यांच्या पावलांवर चाललेत, हे मला जास्त लागलं.

स्नेअर | ८ एप्रिल २०१८

मी स्वतः ड्रम्स वाजवतो, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

ॲरन गिलेस्पी हा जोरात वाजवणारा माणूस. जोर म्हणजे नुसती ताकद नव्हे. तो सिंबलवर इतक्या वरून हात आणतो की दोन ठोक्यांमधला श्वास ऐकू येतो. 'ग्रेट लाइन'मध्ये काही ठिकाणी ताल किंचित मागेपुढे होतो, आणि तो माणसाने वाजवलाय हे त्यातूनच कळतं. 'इरेज मी'मध्ये स्नेअरचा (म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा) प्रत्येक ठोका सारखा ऐकू येतो. मिक्स करताना खऱ्या ठोक्यावर आधी ध्वनिमुद्रित केलेला दुसरा ठोका चढवण्याची पद्धत आहे. आजकाल जवळपास सगळेच ते करतात, त्यात गैर काही नाही. पण इथे तो थर इतका जाड झालाय की खालचा माणूस दिसेनासा होतो. माझ्या कानाला तरी तसं वाटतं. शांत भागात आणि मोठ्या कोरसमध्ये ड्रम्स एकाच उंचीवर राहतात. मग कोरस आला तरी काही घडल्यासारखं वाटत नाही.

वाजवलंय मात्र सुंदर. 'इन मोशन' नीट ऐका.

खर्जातला | ८ एप्रिल २०१८

स्नेअर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मला तीन दिवसांत जे सांगता येत नव्हतं ते हेच.

उंबरठा, 'दुसऱ्यांच्या पावलांवर' हे मला पूर्ण पटत नाही. ख्रिस्तोफर डडलीचे कीबोर्ड या बँडमध्ये उसने आणलेले नाहीत. 'चेसिंग सेफ्टी'मध्ये इलेक्ट्रॉनिक तुकडे आहेतच, आणि 'ग्रेट लाइन'मधले संथ, धुक्यासारखे पसरलेले भाग तर त्याच्याशिवाय उभेच राहिले नसते. फरक जागेचा आहे. तेव्हा कीबोर्ड गाण्याच्या तळाशी असायचा, अस्वस्थता वाढवत न्यायचा. आता बऱ्याच ठिकाणी तो वरून लावलेल्या चकाकीसारखा येतो. म्हणूनच 'नो फ्रेम' मला वेगळं वाटतं. तिथे डडली पुन्हा तळाशी आहे. गिटारची भिंत नाही, ब्रेकडाउन (ताल संथ करून दणके देणारा भाग) नाही, तरी या अल्बममधलं सगळ्यात अंडरओथ वाटणारं गाणं तेच.

समुद्रवारा | १० एप्रिल २०१८

सगळे आवाजाबद्दल लिहिताय. मला शब्दांबद्दल लिहायचंय, कारण माझ्यासाठी खरा बदल तिथे झालाय.

मी वसईची. घरी मराठीतूनच प्रार्थना, मराठीतूनच मिस्सा. कॉलेजात असताना धर्मग्रामातल्या तरुणांच्या गटात आम्ही गिटारवर भक्तिगीतं वाजवायचो आणि घरी जाऊन मेटल ऐकायचो. या दोन गोष्टी एकमेकींपासून लपवायच्या असतात असंच वाटायचं. मग एका मित्राने 'डिफाइन द ग्रेट लाइन' दिला. इतकं भयंकर किंचाळणारी माणसं श्रद्धेबद्दल बोलतायत, आणि गोडगोड नाही, तर धडपडत, पडत, हात पुढे करत. मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या घरात या संगीताला जागा आहे. माझ्या आईलाही मी त्यातले शब्द वाचून दाखवले होते.

आता बँडने सांगून टाकलंय की आम्ही ख्रिस्ती बँड नाही. 'ऑन माय टीथ'मध्ये शिवी आहे. शिवीने मी दचकणारी नाही. पण अल्बमभर कुणीतरी एक दार बंद करून बाहेर पडताना ऐकू येतं, आणि त्या दाराच्या आत मी अजून आहे. ते ऐकणं अवघड जातं. अल्बम वाईट आहे असं मी म्हणत नाहीये.

अनवट | १० एप्रिल २०१८

समुद्रवारा, फार मनापासून लिहिलंत.

मला यावरून आपली संतपरंपरा आठवली. जनाबाईने विठ्ठलाला केवढ्या शिव्या घातल्यात! तुकोबांनी तर त्याला थेट जाब विचारलाय. पण देवावर रागावणं हा भक्तीचाच भाग आहे असं आपण मानतो. मग स्पेन्सरचा हा राग त्याच जातीचा म्हणता येणार नाही का? त्याने उघडपणे सांगितलंय की जुन्या काळात तो व्यसनात होता आणि ख्रिस्ती बँडमध्ये असल्यामुळे ते लपवावं लागत होतं, आजूबाजूचे लोक आधार देण्याऐवजी निवाडा करत होते. अशा माणसाने ओरडून बोलावं नाही तर काय करावं?

समुद्रवारा | ११ एप्रिल २०१८

अनवटजी, तुलना सुंदर आहे, पण मला पूर्ण लागू पडत नाही. जनाबाई शिव्या देते ती समोर विठ्ठल उभा आहे म्हणून. ती भांडते आणि तिथेच राहते. तसा राग मला 'ग्रेट लाइन'मध्ये ऐकू यायचा. 'इरेज मी'मध्ये बोलणाऱ्याला समोर कुणी आहे असं वाटतच नाही. तो लोकांशी बोलतोय, त्याला दुखावलेल्या माणसांशी. हा निघून गेलेल्या माणसाचा राग आहे.

आणि त्याला तसा निघून जायचा हक्क आहे, हेही मी मनापासून म्हणते. त्याच्या व्यसनाबद्दल वाचलं तेव्हा मला आमच्याच गटातला एक मुलगा आठवला. त्यालाही आम्ही प्रार्थना करायला सांगितलं. जवळ बसून ऐकून घेतलं नाही कुणीच. स्पेन्सरला खोटं बोलत तेच शब्द गायला लावणं यापेक्षा हे बरं. बँडमध्ये आता सगळ्यांची श्रद्धा एकसारखी नाही, तरीही ते एका स्टेजवर एकत्र उभे राहतात. ॲरनने तर २०११ मध्ये चर्चमध्ये गायच्या गीतांचा स्वतंत्र अल्बम काढला होता. तो आणि स्पेन्सर पुन्हा एकत्र गातायत. आमच्याकडे विचार बदलले की माणसं एकमेकांच्या घरी जायची बंद होतात.

उंबरठा | ११ एप्रिल २०१८

समुद्रवारा यांच्या प्रतिसादानंतर 'ऑन माय टीथ' आणि 'आय गेव्ह अप' पुन्हा ऐकली. शब्दांच्या बाबतीत हा अल्बम प्रामाणिक आहे, हे मान्य.

पण मग माझा प्रश्न आणखी टोकदार होतो. शब्द इतके मोकळे झालेत, कुणाची भीड उरलेली नाही. मग आवाज का आवरून धरलाय? जेव्हा शब्दांवर चर्चची, चाहत्यांच्या पालकांची, ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांची नजर होती, तेव्हा संगीत मोकाट सुटलेलं होतं. आता शब्दांवरची नजर गेली आणि संगीत चौकटीत बसलं. तीन-साडेतीन मिनिटं, दोन कडवी, कोरस, पुन्हा कोरस.

खर्जातला | १२ एप्रिल २०१८

उंबरठा, या अल्बमबद्दलचं माझं सगळं म्हणणं तुम्ही चार ओळींत लिहिलंत. शब्द मोकळे, आवाज आवरलेला. मला याचं कारण साधं वाटतं. इतकी वर्षं हे एकत्र बसलेले नव्हते. २०१० चा अल्बम ॲरनशिवाय झाला, त्यात गाणं सगळं स्पेन्सरचं. परत आल्यावर दोन गळ्यांनी एकमेकांना जागा कशी द्यायची हेच पुन्हा शिकायचं होतं. स्पेन्सर आता साफ गळ्यानेही पुष्कळ गातो, आणि छान गातो. पण त्यामुळे 'एक किंचाळतो, दुसरा गातो' हा जुना ताण सैल पडलाय. 'चेसिंग सेफ्टी'मध्ये ॲरनचा गळा वर चढला की खालून स्पेन्सर ओढून आणायचा. इथे दोघं शेजारी शेजारी चालतात. त्यांच्या मैत्रीसाठी ते बरंच असेल. गाण्यात मात्र मी ती ओढाताण शोधत राहतो.

सोळावी_गल्ली | १५ एप्रिल २०१८

मुंबईकरांना हा वाद नवा नाही. आपल्या मुंबईच्या 'भयानक मौत' या मेटल बँडचा २०१४ चा 'मॅन' आला तेव्हाही हेच झालं होतं. २००९ चा अल्बम ज्यांना पाठ होता त्यांना साफ गळ्याचं गाणं चालेना. मला 'मॅन' हळूहळू फार आवडला. म्हणून 'इरेज मी'लाही घाई न करता वेळ देतोय. 'सिंक विथ यू' पहिल्यांदा अजिबात पटलं नव्हतं, आता त्यातला तुटक ताल मजा आणतो.

टेक्सासवासी | २० मे २०१८

धाग्यात उशिरा येतोय. यांच्या चालू दौऱ्यात प्रत्यक्ष ऐकून आलो, म्हणून लिहावंसं वाटलं.

स्नेअर म्हणतात ते खरं आहे, कारण स्टेजवर ती अडचण राहतच नाही. 'रॅप्चर' अल्बमवर जितकं पॉलिश वाटतं तितकंच तिथे दणदणीत वाटलं. ॲरनचे हात, गिटारचा खरखरीतपणा, सगळं परत येतं. नवी गाणी जुन्यांच्या मध्ये येत होती आणि कुठेही उतार जाणवला नाही. माझ्या पुढे विशीतली मुलं होती, त्यांना 'वेक मी' तोंडपाठ. 'ग्रेट लाइन' आला तेव्हा ती शाळेत असणार. नवा अल्बम नसता तर ती आली असती असं मला वाटत नाही.

अनवट | ८ डिसेंबर २०१८

धागा वर काढतोय. 'ऑन माय टीथ'ला सर्वोत्तम मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी नामांकन! सोबत डेफहेवन, ट्रिव्हियम, बिटवीन द बरीड अँड मी आणि हाय ऑन फायर हे बँड. अख्ख्या अल्बममधून नामांकन सगळ्यात खरखरीत गाण्यालाच मिळालं, हे धागाकर्त्यांना आवडेल.

खर्जातला | ११ फेब्रुवारी २०१९

पुरस्कार हाय ऑन फायरला गेला. त्यांनाही तो किती वर्षांनी मिळाला, त्यामुळे तक्रार नाही.

स्नेअर | १६ जानेवारी २०२२

अंडरओथचा नवा अल्बम 'व्हॉयरिस्ट' परवा आला. ऐकलात का? या वेळी बाहेरचा निर्माता नाही, सगळं स्वतः केलंय. आणि माझ्या कानांना चार वर्षांपूर्वीची हरवलेली गोष्ट सापडली! ड्रम्सना खोली आहे. ज्या खोलीत वाजवले ती खोली ऐकू येते. सिंथ 'इरेज मी'पेक्षा कमी नाहीत, उलट जास्तच असतील, पण ते आता घाबरवतात. एका गाण्यात घोस्टमेन हा रॅपरसुद्धा येऊन गेलाय आणि तो उपरा वाटत नाही.

उंबरठा | १७ जानेवारी २०२२

ऐकला, दोनदा. शेवटचं 'न्यूमोनिया' सात मिनिटांच्या पुढे जातं. टिमच्या वडिलांच्या मृत्यूतून ते आलंय. त्यात गाण्याची ठरलेली रचना नाही. ते वाढत जातं, दम लागल्यासारखं थांबतं, परत वाढतं. 'इरेज मी'च्या वेळी हे गाणं साडेतीन मिनिटांत कोंबलं असतं असं मला वाटतं.

पण मी आता त्या अल्बमवर पूर्वीइतका रागावलेला नाही. 'नो फ्रेम'शिवाय 'व्हॉयरिस्ट'मधले अर्धे आवाज सुचलेच नसते.

समुद्रवारा | १९ जानेवारी २०२२

'हालेलुया' नावाचं गाणं आहे यात. नाव वाचून मी जरा थबकले. ऐकल्यावर कळलं की हा प्रार्थनेतला हालेलुया नाही, पण थट्टाही नाही. बऱ्याच जणांनी मिळून गायलेला भाग आहे, समूहगायनासारखा. चर्चमध्ये वाढलेल्या माणसांनाच असा आवाज सुचतो. निघून गेल्यावरही कानात राहतंच की.

मी अजून इथेच आहे, मिस्सेला जाते, आणि हा अल्बम रोज लोकलमध्ये ऐकते. 'इरेज मी'सुद्धा मध्ये मध्ये लावते. पूर्वी जे गाणं पुढे ढकलायचे ते 'आय गेव्ह अप' आता शेवटपर्यंत ऐकते.

नवखी | २ एप्रिल २०२५

'द प्लेस आफ्टर धिस वन' गेल्या आठवड्यात आला म्हणून अंडरओथ पहिल्यांदाच ऐकलं आणि शोधता शोधता या धाग्यावर पोचले. सगळा धागा वाचून काढला. मला 'व्हल्चर्स' आवडलं, ज्यात मॅस्टोडॉन या मेटल बँडचा ट्रॉय सँडर्स आहे. मागे जायचं तर कुठून सुरुवात करू? आणि 'इरेज मी' वगळला तर चालेल का? जुने चाहते इतके भांडलेत म्हणून विचारतेय.

उंबरठा | २ एप्रिल २०२५

वगळू नका. मीच इथे सगळ्यात जास्त भांडलोय, आणि मीच सांगतो. 'ग्रेट लाइन'पासून सुरुवात करा. लगेच आवडला नाही तरी सोडू नका, निदान तीनदा ऐका. मग 'चेसिंग सेफ्टी', म्हणजे त्यांनी दोनच वर्षांत केवढी उडी घेतली ते कळेल. जेम्स स्मिथने २०२३ मध्ये बँड सोडला. या जुन्या अल्बमांमध्ये त्याच्या आणि टिमच्या गिटारी एकमेकींत कशा गुंततात तिकडे लक्ष द्या.

खर्जातला | ३ एप्रिल २०२५

उंबरठांना अनुमोदन. माझी एक भर: 'इरेज मी' आणि 'व्हॉयरिस्ट' एकाच दिवशी, पाठोपाठ ऐका. पहिल्यात जिथे जिथे 'आता सुटतील' असं वाटतं आणि ते सुटत नाहीत, त्या जागा दुसऱ्यात सुटलेल्या सापडतील. 'नो फ्रेम' मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्याचा खर्ज तिथे पोचतच नाही. हेडफोन लावा. आणि ऐकून झालं की इथे लिहा, आवडलं नाही तरी लिहा. नवीन अल्बमसाठी वेगळा धागा काढायच्या विचारात आहे, पण माझं अजून मत बनलेलं नाही. स्नेअर, तुम्ही ड्रम्सबद्दल सुरुवात केलीत तर बरं होईल.

स्नेअर | ३ एप्रिल २०२५

काढतो. रविवारपर्यंत द्या. या वेळी लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे मुद्रित तुकडे) आणि खरे ड्रम्स कुठे एकमेकांत मिसळलेत ते मला अजून तीन गाण्यांत वेगळं करता आलेलं नाही.